जुने जहाज कोणी घ्यावे?

माझा एक जुना विद्यार्थी गेली बरीच वर्षे इंग्लंडात असतो. शाळेत असताना पोहायला तापीवर पळून जायचा, म्हणून माझ्या हातचा मार खाल्लेला. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. त्याच्या गावाजवळच्या खाडीत एक जुनी, लाकडी, शिडाची नाव विकायला आहे. नव्वदेक वर्षांची. किंमत एखाद्या जुन्या मोटारीएवढी. मात्र तळाच्या कण्याचे बोल्ट गंजलेत, दोन-चार फासळ्यांना तडे गेलेत, वरचा डेक गळतो. "सर, घेऊ का नको?" असा सरळ प्रश्न!

आता, वाचकहो, मी खानदेशचा माणूस. जन्म धुळे जिल्ह्यातला, नोकरी जळगाव जिल्ह्यात झाली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बी.ए. झाल्यावर. नाव म्हणजे पावसाळ्यात तापी ओलांडायला लागायची तेवढीच ठाऊक. त्याला म्हटले, अरे, हे एखाद्या कोळ्याला विचार. तर म्हणतो, "कोळ्याला विचारले, तो नको म्हणतो. सुताराला विचारले, तो घे म्हणतो. तुम्ही इतिहास शिकवायचात म्हणून तुम्हाला विचारतोय." मला त्याचे हे तर्कशास्त्र आवडले. इतिहासात असा प्रश्न कोणाला पडला होता का, हे शोधताना जी हकीकत हाती लागली ती येथे सांगतो, कारण तिचा संबंध मुंबईशी आहे आणि थोडा वळसा घेऊन आपल्या धुळ्याशीही आहे.

हकीकत एका जहाजाची. नाव 'त्रिंकोमाली'. मुंबईच्या गोदीत बांधलेले, संपूर्ण सागवानी, ३८ तोफांचे. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. या घराण्याचा मूळ पुरुष लवजी नसरवानजी हा सुरतेचा सुतार. कंपनी सरकारने त्याला १७३५-३६ च्या सुमारास मुंबईला आणले आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे मुंबईची गोदी म्हणजे वाडिया असे समीकरण होऊन बसले. जमशेटजींनी बांधलेले 'मिंडेन' १८१० साली पाण्यात उतरले. ७४ तोफांचे एवढे मोठे लढाऊ जहाज इंग्रजी आरमारासाठी इंग्लंडबाहेर प्रथमच बांधले गेले होते.

त्रिंकोमालीची कथा तर जन्माआधीच सुरू होते. १८१२ साली तिची मागणी नोंदवली गेली आणि नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेने जावाला गाठले आणि तिचा निकाल लावला. नकाशे गेले! दुसरे यायला वेळ लागला. शेवटी १८१६ साली कणा घातला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. कणा घालताना पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकण्यात आला होता. गंमत अशी, की आज जगात पाण्यावर तरंगत असलेल्या जुन्या युद्धनौकांत पहिला नंबर त्या कॉन्स्टिट्यूशनचा आणि दुसरा या त्रिंकोमालीचा आहे. जिने हिचे नकाशे बुडवले तिच्याच मागे ही उभी.

१२ ऑक्टोबर १८१७ ही तारीख वाचताना मराठी माणसाचे बोट थोडे अडखळते. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि आपला खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढच्या महिन्यात थाळनेरच्या किल्ल्यावर काय झाले ते शिरपूरकडच्या लोकांना सांगायला नको. म्हणजे मुंबईत हे जहाज पाण्यात उतरत होते तेव्हा पुण्यात पेशवाईचे शेवटचे दिवस मोजले जात होते. असो.

एवढ्या खटपटीने बांधलेले जहाज इंग्लंडला पोहोचले १८१९ साली. तोवर नेपोलियनची युद्धे संपलेली. लढायला शत्रूच नाही. मग काय, डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून ठेवून दिले. किती दिवस? पंचवीस वर्षांहून अधिक! १८४५ नंतर त्याची डागडुजी झाली, तोफा कमी केल्या, आणि १८४७ पासून दहा वर्षे, मध्ये थोडी विश्रांती घेत, ते अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि प्रशांत महासागरात फिरले. तोवर वाफेची जहाजे आली होती. १८६० नंतर ते राखीव दलातल्या पोरांना कवायत शिकवायची तरंगती शाळा झाले. काही वर्षे तर हार्टलपूल नावाच्या बंदरात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. शेवटी १९ मे १८९७ रोजी आरमाराने ते भंगारात विकून टाकले. वय वर्षे ऐंशी.

आता दुसरा माणूस रंगमंचावर येतो. जेफ्री व्हीटली कॉब. वेल्समधला पैसेवाला गृहस्थ. याच्या वडिलांनी कॅल्डिकॉट नावाचा पडका किल्ला विकत घेऊन दुरुस्त केला होता, तेव्हा जुन्या वस्तू घेण्याचे वेड घराण्यातलेच म्हणायचे. १८९२ साली इंग्रज आरमाराने 'फूद्रोयां' हे नेल्सनचे एकेकाळचे निशाणाचे जहाज २,३५० पौंडांना मोडीत काढले. घेणाऱ्याने ते जर्मन व्यापाऱ्यांना विकले. नेल्सनचे जहाज जर्मनांनी फोडायचे! इंग्लंडात गहजब झाला. वर्तमानपत्रे पेटली, कविता झाल्या. कॉबने आणखी ६,००० पौंड मोजून ते सोडवून आणले.

इथपर्यंत सगळे टाळ्या घेण्यासारखे. खरा हिशेब पुढे आहे. दुरुस्तीला लागले सुमारे २०,००० पौंड. मूळ भंगाराच्या किमतीच्या आठपटीहून जास्त. एवढा खर्च भरून कसा काढायचा? कॉबने ठरवले, जहाज किनाऱ्यावरच्या सहलीच्या गावी न्यायचे आणि तिकीट लावून दाखवायचे. त्याप्रमाणे १८९७ च्या जूनमध्ये ते ब्लॅकपूलला नेऊन उभे केले. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा तो महिना, गर्दी भरपूर होणार हा अंदाज. १६ जूनला वादळ झाले. नांगराचा साखळदंड तुटला, दुसरा नांगर फरफटत आला आणि जहाज वाळूवर आदळून मोडले. माणसे वाचली, जहाज गेले. त्याच्या लाकडाचे फर्निचर झाले आणि तांब्याची पदके पाडून विकली गेली.

(सहा दिवसांनी, त्याच हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. दुष्काळ आणि प्लेग यांचे ते वर्ष. एकच उत्सव, तीन ठिकाणी तीन तऱ्हा. इतिहास शिकवताना मला अशा एका आठवड्यातल्या तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला फार आवडायचे.)

आता विचार करा. माणसाचे पंचवीस हजारांहून अधिक पौंड पाण्यात गेलेले. शब्दशः पाण्यात. बायको-मुलांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असेल? आणि हा गृहस्थ काय करतो? भंगारवाल्याकडे दुसरे जुने लाकडी जहाज पडले आहे असे कळताच तेही विकत घेतो! तेच आपले त्रिंकोमाली. त्यालाही दुरुस्ती हवीच होती. कॉबने ती केली, आणि बुडालेल्या जहाजाची आठवण म्हणून याचे नाव बदलून फूद्रोयां ठेवले.

पहिल्यांदा वाचताना मला वाटले, माणूस हट्टी दिसतो. पण थोडे खोलात गेल्यावर हा दुसरा सौदा पहिल्यापेक्षा बराच शहाणपणाचा होता असे माझे मत झाले. पहिले कारण लाकूड. पहिले जहाज इंग्लंडात बांधलेले, ओक लाकडाचे. दुसरे मुंबईचे, सागाचे. ओक मजबूत खरे, पण त्यात असलेल्या आम्लाने लोखंडी खिळे आणि पट्ट्या खाल्ल्या जातात, आणि एकदा बुरशी धरली की ती आतल्या आत पसरते. सागात अंगचे तेल असते. ते लाकडालाही राखते आणि लोखंडालाही. एरवी आरमारातली ओकची जहाजे दहा-पंधरा वर्षांत मोठ्या दुरुस्तीला यायची. सागाचे तीस-चाळीस वर्षे विचारायचे नाही. पंचवीस वर्षे नुसते बांधून ठेवलेले त्रिंकोमाली पुन्हा प्रशांत महासागर फिरून आले ते उगाच नव्हे.

दुसरी एक गोष्ट मला या निमित्ताने समजली. लाकडी जहाजाचा खरा शत्रू समुद्राचे खारे पाणी नसून पावसाचे गोडे पाणी आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड लोणच्यासारखे मुरते आणि टिकते (किडा लागतो, म्हणून तळाला तांब्याचे पत्रे मारतात, ती गोष्ट वेगळी). पण वरून डेकवर पडलेले पावसाचे पाणी फटीतून झिरपले की ते कोपऱ्यात साचते आणि तेथून कुजायला सुरुवात होते. हे वाचले आणि मला आमचे गावचे धाब्याचे घर आठवले. सागाचे खांब, सागाच्या तुळया, वर कडीपाट आणि त्यावर खारी माती. ते घर उतरवले तेव्हा खांब ठणठणीत निघाले, तासणीचे घाव तसेच दिसत होते. कुजल्या होत्या त्या फक्त तुळयांच्या भिंतीत शिरलेल्या टोकांच्या दोन-दोन विती, जिथे दरवर्षी माती टाकायची हयगय झाली आणि पाणी उतरले. जुने लाकूड घेणारा व्यापारी आला तेव्हा त्याने घराकडे पाहिलेही नाही, थेट तुळयांची टोके ठोकून पाहिली. विद्यार्थ्याने "डेक गळतो" हे तिसऱ्या क्रमांकावर, सहज म्हणून सांगितले होते. मी त्याला सांगितले, बोल्ट बदलता येतील, आधी डेकखालचे कोपरे सुरीने टोचून बघ.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिल्या जहाजाकडून कॉबने त्याच्या दुरुस्तीचा खर्च वसूल करायला पाहिले. दुसऱ्याला त्याने कामाला लावले. ती पोरांची राहती शाळा झाली. आधी मिलफर्ड हेवन, मग फालमथ, आणि कॉब वारल्यावर १९३२ पासून पोर्ट्समथ. मुले तेथे झोपायची, डेक घासायची, दोर वळायची, होड्या वल्हवायची. जहाजात रोज माणूस वावरला की गळती पहिल्याच दिवशी कळते. हे १९८६ पर्यंत चालले. एका माणसाने भंगारातून उचललेले जहाज पुढे नव्वद वर्षे शाळा होऊन राहिले!

सगळ्यांच्या नशिबी हे नव्हते. कॉबच्याच देखरेखीखाली १९१२ पासून आणखी एक जुने जहाज होते, 'इम्प्लॅकेबल'. मूळ फ्रेंच, १८०५ साली इंग्रजांनी जिंकून घेतलेले. त्याच्यावरही पोरे शिकली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा आकडा पाहून सरकारने हात वर केले. फ्रान्सला विचारले, तेही नको म्हणाले. २ डिसेंबर १९४९ रोजी दोन्ही देशांची निशाणे लावून, समुद्रात नेऊन, सुरुंगाने त्याला बुडवले. पुढे जुनी जहाजे वाचवण्याची जी चळवळ उभी राहिली तिच्या मागे ही बोच होती.

आपण हसायला नको. आपली 'विक्रांत' आठवा. १९७१ च्या युद्धातली विमानवाहू नौका, ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षे उभी होती, २०१२ ला तेही बंद झाले. राज्य सरकारला खर्च झेपेना, कोर्टकचेरी झाली आणि २०१४ साली ती भंगारात गेली. दारूखान्यात तोडली. तिच्या पोलादातून एका कंपनीने मोटारसायकली काढल्या. नेल्सनच्या जहाजाची तांब्याची पदके आणि विक्रांतच्या मोटारसायकली, फरक एकशेवीस वर्षांचा. भावना दोन्हीकडे उदंड होती. दर महिन्याला पैसे कोण देणार, या प्रश्नावर दोन्हीकडे सभा उठली. आणि मराठी आरमाराचे म्हणाल तर आंग्र्यांचे किंवा धुळपांचे एकही गुराब, एकही गलबत आज शिल्लक नाही. तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ साली विजयदुर्गच्या बंदरात जळाले. तेव्हा इंग्रजांच्या बाजूला पेशवेच होते, हेही लिहायला हवे.

त्रिंकोमाली मात्र पुन्हा वाचले. १९८७ साली एका तराफ्यावर चढवून त्याला हार्टलपूलला नेले, जिथे सव्वाशे वर्षांपूर्वी ते कवायतीचे जहाज होते. तिथेच का? तर तेथे 'वॉरियर' नावाची जुनी लोखंडी युद्धनौका नुकतीच दुरुस्त झाली होती आणि ते काम केलेले कारागीर हाताशी होते. पैसा मागाहून जमवता येतो, हात मोडले की नवे हात तयार व्हायला पिढी जाते. दहा वर्षांहून अधिक काळ काम चालले. १९९२ साली जुने नाव परत दिले. २००१ मध्ये काम पुरे झाले. आज ते तेथे पाण्यावर उभे आहे आणि त्याचे बरेचसे लाकूड अजून मुंबईत घातलेलेच आहे.

हे सगळे मी विद्यार्थ्याला दोन-तीन फोनमध्ये मिळून सांगितले. शेवटी विचारले, दुरुस्तीचे पैसे कुठून आणणार? तो म्हणाला, "सर, उन्हाळ्यात पर्यटकांना फिरवीन, वर्षा-दोन वर्षांत निघून येतील." मी म्हटले, बाळा, हेच तर ब्लॅकपूल! दुरुस्तीची रक्कम आधी वेगळी काढून ठेवता येत असेल, आणि दर आठवड्याला पोरांना घेऊन त्या नावेवर जाणार असशील, तर घे. नावेने स्वतःचे कर्ज स्वतः फेडावे अशी अपेक्षा असेल तर त्या कोळ्याचे ऐक. तो बराच वेळ गप्प राहिला. मग विचारले, "त्रिंकोमालीचा साग आपल्याकडचा का हो, सर?"

प्रश्न चांगला होता. उत्तर नाही असे आहे. १८१७ साली खानदेश इंग्रजांचा झालाच नव्हता. तो साग मलबारचा. तेथे १८०६ साली कॅप्टन वॉटसन याला जंगलांवर नेमून कंपनीने सागाची मक्तेदारी बसवली. स्वतःच्या जमिनीतला सागसुद्धा माणसाला तोडता येईना. लोकांच्या तक्रारी वाढल्यावर १८२३ च्या सुमारास ती उठवली, पण तोवर हाताशी येण्यासारखी जंगले संपत आली होती. त्यानंतर साहेबांची नजर फिरत फिरत आपल्या बाजूला वळली. पिंपळनेर ओलांडून पलीकडे घाट उतरला की डांग. सागाने गच्च भरलेला. ज्या जेम्स आउटरामने आपल्या धरणगावला भिल्ल पलटणीचा तळ ठेवला होता, त्यानेच १८३० साली डांगवर स्वारी केली होती. १८४२ साली इंग्रजांनी तेथल्या भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले, ते मुख्यतः जहाजबांधणीला साग हवा म्हणून. (त्याच वर्षी वाडियांनी बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर चीनबरोबरचा नानकिंगचा तह झाला.) डांगचा राजकीय कारभार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खानदेशच्या कलेक्टरकडे, म्हणजे धुळ्याहून, चालत असे. तोडलेला साग मात्र खाली गुजरातच्या बंदरांकडे जाई.

जंगलाच्या बदल्यात राजांना दरसाल ठरावीक रक्कम देण्याचे ठरले. मुंबईच्या गोदीत लाकडी जहाजे बांधणे कधीच बंद झाले. कंपनी गेली, राणीचे राज्य गेले, १९६० साली डांग गुजरातेत गेला. पण आहवा येथे होळीच्या आधी दरवर्षी डांग दरबार भरतो. गाढवी, आमला, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी येथल्या राजांची बग्गीतून मिरवणूक निघते, विडा दिला जातो, आणि त्या जुन्या पट्ट्यापोटीचे सालाना पेन्शन त्यांच्या हाती ठेवले जाते.